इच्छा क्रमांक एक

सबरी मास्तरांनी पंख्याचं तोंड तिसऱ्यांदा शौकी बेंकडे वळवलं, आणि पंख्याने तिसऱ्यांदा, काही घाई न करता, मान फिरवून भिंतीकडे पाहिलं. भिंतीवर जुनं पोस्टर होतं: 'शिक्षक हा राष्ट्राचा कणा.' कण्याच्या जागी ओल येऊन पापुद्रा सुटला होता.

"राहू द्या, उस्ताद सबरी," शौकी बे मानेवरचा घाम पुसत म्हणाले. "सरकारी पंखा आहे. त्याला बदली हवी असेल."

शौकी बे, म्हणजे शौकी साहेब, जिल्हा शिक्षण कार्यालयाचे उपसंचालक आणि समितीचे अध्यक्ष. समितीचं पूर्ण नाव 'माध्यमिक शाळांत शिक्षक होऊ इच्छिणाऱ्या तरुणांची संख्या घटण्याची कारणे व त्यावरील संभाव्य उपाय यांच्या अभ्यासासाठी नेमलेली समिती' असं होतं. ते रबरी शिक्क्यावर मावेना, म्हणून शिक्का बनवणाऱ्याने स्वतःच्या अकलेने काटछाट करून 'घटण्याची समिती' एवढंच ठेवलं होतं. कोणाला त्यात काही चूक वाटली नाही. समितीत मुळात पाचजण होते. त्यातल्या एकाला आखातातल्या शाळेत नोकरी लागली, आणि दुसरा त्याला विमानतळावर पोचवायला गेला तो परत आला नाही. उरले शौकी बे, आकडेवारी विभागाच्या मॅडम सुहेर, आणि सचिव म्हणून सबरी मास्तर. मास्तरांची निवड अक्षरावरून झाली होती. एकतीस वर्षं सरकारी शाळेच्या फळ्यावर पदार्थविज्ञान लिहून त्यांचं अक्षर मोत्यासारखं झालं होतं. शाळेत पदार्थविज्ञानाच्या पाच जागा होत्या. सध्या त्या पाचही जागी ते एकटेच होते.

आठवडाभरात समितीने अकरा कारणं शोधली होती. कारणांना तोटा नव्हता. कोणीही रस्त्यावरून चालत आलं असतं तरी दोन सांगून गेलं असतं. नव्या नेमणुका बंद आहेत. तासांवर नेमलेल्या मास्तराला दुसरा तास मिळेलच याची खात्री नाही. वर्गात मुलं नसतात, ती खाजगी शिकवण्यांच्या हॉलमध्ये असतात. जावयाचा धंदा विचारला की सासरे 'शिक्षण खात्यात आहे' एवढंच म्हणतात, पुढे बोलत नाहीत. डाव्या रकान्यात हे सगळं नीट उतरलं होतं. उजवा रकाना उपायांचा. तिथे मास्तरांनी मथळा लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या, आणि रेघांखाली आठवडाभर कागद स्वच्छ होता.

"लिहा," शौकी बे म्हणाले. "उपाय पहिला. जनजागृती."

"कोणाची, बे?"

"जनांची."

मास्तर लिहिणार एवढ्यात मॅडम सुहेर दारातून आत आल्या. हातात एकच कागद होता. तो त्यांनी तव्यावरची गरम भाकरी धरावी तसा दोन बोटांत धरला होता.

बारावीचा निकाल लागला की इथे प्रत्येक मुलाने सरकारी संकेतस्थळावर आपल्या 'इच्छा' भरायच्या असतात. कोणतं कॉलेज पहिलं, कोणतं दुसरं, असं करत थेट पंच्याहत्तर इच्छांपर्यंत. माणसाला त्याच्या इच्छा विचारणारा हा देशातला एकमेव सरकारी कागद, आणि तोही आयुष्यात एकदाच, अठराव्या वर्षी भेटतो. हुशार मुलांच्या यादीत वैद्यकीय, औषधनिर्माण, इंजिनिअरिंग अशा इच्छा आधी येतात. शिक्षणशास्त्र येतं चाळीस-पन्नासच्या घरात, जागा भरायची म्हणून. इच्छांची मुदत अजून दीड दिवस शिल्लक होती आणि त्या गुप्त असतात असा नियम होता; पण मॅडम सुहेरच्या बहिणीचा मुलगा राजधानीत, कैरोत, त्या संकेतस्थळाच्याच संगणकाच्या खोलीत बसत असे, त्यामुळे नियम त्यांच्या घरापुरता सैल होता.

"नव्वद टक्क्यांच्या वर आणि पहिली इच्छा शिक्षणशास्त्र," मॅडम म्हणाल्या. "आपल्या जिल्ह्यातून एक."

"एक हजार?" शौकी बेंनी विचारलं.

"एक."

"एक शेकडा?"

"एक, बे. मुलगी आहे."

शौकी बेंनी चष्मा लावून कागद हातात घेतला आणि हजेरी घ्यावी तसं मोठ्याने वाचलं, "युमना सबरी अब्देल-गव्वाद अश-शरनूबी."

या मुलखात मुलाच्या नावामागे बापाचं, त्यामागे आजोबाचं नाव लागतं. नाव वाचलं की बाप आपोआप हजर होतो. सबरी मास्तर हजर होतेच. त्यांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. चार दिवसांपूर्वी स्वयंपाकघरातल्या टेबलावर मुलीच्या शेजारी बसून त्यांनी स्वतः 'इच्छा क्रमांक एक: औषधनिर्माणशास्त्र' असं भरलं होतं. त्या टेबलावर शिक्षणशास्त्राचं नावही निघालं नव्हतं.

"अहो, काखेत कळसा आणि गावाला वळसा!" शौकी बे उठून उभे राहिले आणि टेबलावरून वाकून मास्तरांच्या दोन्ही गालांना गाल लावले. "आपण इथे उपाय शोधतोय आणि उपाय तुमच्या घरात जेवतोय! सत्कार करू. प्रमाणपत्र, घड्याळ, स्थानिक टीव्हीवाले. गव्हर्नरांच्या हस्ते. 'शिक्षकाची कन्या, पहिली इच्छा शिक्षक'! तुम्ही दोन शब्द बोला, बाप म्हणून. घरच्या संस्कारांवर वगैरे."

"बोलेन," मास्तर म्हणाले.

मॅडम सुहेर त्यांच्याकडे पाहत होत्या. त्यांनी अभिनंदन केलं नाही.

*

घरी जायच्या रस्त्यावर कालव्याच्या भिंतीला लागून शंभर पावलं एकाच माणसाचे फोटो होते. निळा सूट, हाताची घडी, मागे वीज चमकतेय. 'तामेर: पदार्थविज्ञानाचा सम्राट.' पुढे 'रसायनाचा देवमासा' आणि 'इतिहासाचा वाघ' होते, पण त्यांची भिंत लहान होती. तामेर हा सबरी मास्तरांचाच विद्यार्थी. शेवटच्या बाकावर बसायचा, पदार्थविज्ञानात काठावर पास झाला, वाणिज्य शाखेची पदवी घेतली. गळा गोड होता. आता तो आठशे मुलांच्या हॉलमध्ये गतीचे नियम डफाच्या ठेक्यावर म्हणून दाखवी आणि आठशे मुलं मागून म्हणत. बारावीचं वर्ष सुरू झालं की महिन्याभरात मास्तरांचा शाळेतला वर्ग रिकामा पडे. ते वेळेवर वर्गात जात, चाळीसही नावांपुढे 'हजर' लिहीत, म्हणजे पोरांचं नुकसान व्हायला नको. मग खिडकी उघडून तास संपेपर्यंत बसत. संध्याकाळी सम्राटाकडे उत्तरपत्रिका तपासायला जात. सम्राट अजून त्यांना शाळेतल्यासारखं 'मिस्टर' म्हणे, फक्त खुर्चीवरून उठत नसे.

त्यांची बायको ईनास स्वयंपाकघरात मुलूखियाच्या पालेभाजीची पानं देठापासून खुडत होती. युमना टेबलाच्या दुसऱ्या टोकाला लॅपटॉप उघडून बसली होती. समितीचे कागद टाइप करायचं काम तिच्याकडेच होतं.

मास्तरांनी बूट काढले, हात धुतले, आणि पाठमोऱ्यानेच विचारलं, "पहिली इच्छा काय आहे तुझी?"

लॅपटॉपवरची बोटं थांबली. "तुला कसं कळलं, बाबा?"

"मला नाही कळलं. समितीला कळलं. गव्हर्नर तुला घड्याळ देणार आहेत."

ईनासचे हात पानांवरच राहिले. "कसलं घड्याळ? काय भरलंयस तू?"

"शिक्षणशास्त्र," युमना म्हणाली. "पदार्थविज्ञान."

नळ वाहतच होता. मास्तरांनी तो बंद केला.

"तुला ठाऊक आहे तुझ्या बापाचं काय चाललंय ते?"

"अकरा कारणं मीच टाइप केलीत, बाबा. नववं दोनदा, कारण तू शब्द बदललास."

"मग?"

"उपायांच्या बाजूला काहीच नव्हतं. पान कसंतरीच दिसत होतं."

"पान बरं दिसावं म्हणून आयुष्य घालवणार तू?"

"तसं नाही." तिने लॅपटॉप अर्धा मिटला. "तामेरच्या हॉलमध्ये लेंझचा नियम झाला ना, त्या दिवशी. त्याने डफावर म्हटला, सगळ्यांनी पाठ केला. बाहेर आल्यावर मी जिन्यात चारजणींना तुझी ती तांब्याची नळी दाखवली. लोहचुंबक आत सोडलं. ते पडेचना लवकर, तरंगत तरंगत खाली आलं. तर रहमा म्हणाली, 'अगं, म्हणजे हे खरं आहे?' बाबा, तिला वाटत होतं हे सगळं परीक्षेपुरतंच असतं. तिचं तोंड बघायला हवं होतंस तू."

मास्तरांनी ते तोंड पाहिलं होतं. रहमाचं नव्हे, पण एकतीस वर्षांत तसली पंधरा-वीस तोंडं त्यांनी पाहिली होती आणि ती त्यांना नावानिशी आठवत होती. ते ग्लासभर पाणी प्यायले, आणि तहान नसताना आणखी अर्धा.

"नोकरी मिळणार नाही," ते म्हणाले.

"कारण पहिलं."

"मिळाली तरी वर्गात पोरी येणार नाहीत."

"चौथं."

"लोक हसतील."

"सातवं. त्यात तू 'उपहास' लिहिलंयस."

"लग्न जमणार नाही."

"हे यादीत नाहीये."

"घालतो," मास्तर म्हणाले.

युमना हसली. ईनासही हसली असती, पण तिने ओठ आवळून धरले. मुलगी उठली, बापाच्या खांद्यावर हनुवटी टेकवून क्षणभर उभी राहिली, आणि "तुला आनंद होईल असं वाटलं होतं," एवढं म्हणून आपल्या खोलीत गेली. दार तिने आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

ईनासने एक जुडी पुढे ओढली. "तिच्यासारखी हुशार पोरं शिक्षक व्हावीत म्हणूनच बसलीय ना तुमची समिती?"

"हो."

"दुसऱ्यांची पोरं."

मास्तरांनी ग्लास विसळून उपडा ठेवला.

"एकतीस वर्षं मी हे घर कसं चालवलं ते मी तिला कधी सांगितलं नाही. चूक झाली. रोज सांगायला हवं होतं, जेवणाआधी." तिने खुडलेली पानं मुठीने दाबून भांड्यात बसवली. "इच्छा बदलायला तो गुप्त क्रमांक लागतो ना? तिला तो पाठ झालाय, पण चिठ्ठी तुझ्या पाकिटात आहे."

"तू बदल म्हणतेस?"

"मी काही म्हणत नाही. मी मुलूखिया निवडतेय."

*

दुसऱ्या दिवशी शौकी बेंनी प्रमाणपत्राचा नमुनाच आणून दाखवला. सोनेरी किनार, मध्ये युमनाचं पूर्ण नाव, खाली सरकारी गरुडाचा शिक्का. त्यांनी मास्तरांकडून दोन शब्दांची तालीमही करून घेतली. मास्तर म्हणाले, मी माझ्या मुलीला कधी सांगितलं नाही की शिक्षक हो. तिने पाहिलं आणि निवडलं. हे वाक्य त्यांनी रात्री तयार केलं नव्हतं, तोंडातून आपोआप आलं, आणि ऐकून शौकी बेंचे डोळे खरोखर भरले.

"हेच बोला," ते म्हणाले. "एक शब्द बदलू नका."

मग ते दुपारच्या नमाजाला गेले. संकेतस्थळ संध्याकाळी सातला बंद होणार होतं. घरचा लॅपटॉप युमनाच्या मांडीवर होता, आणि मास्तरांचा फोन असा होता की त्यावर फक्त लोकांचं बोलणं ऐकता येई. ते जिना उतरून आकडेवारी विभागात गेले.

मॅडम सुहेरच्या टेबलाशी, संगणकासमोर, दोन खुर्च्या मांडलेल्या होत्या. इतर टेबलांपाशी एकेकच होती.

"बसा," मॅडम म्हणाल्या. "कालच याल असं वाटलं होतं."

"मी नुसतं विचारायला आलोय."

"विचारा ना. बसून विचारा."

मास्तर बसले. पाकीट काढून त्यांनी मांडीवर ठेवलं.

"ही खुर्ची या आठवड्यापुरती मागवते मी," मॅडम म्हणाल्या. "शिपायाला आता सांगावंही लागत नाही. मागच्या वर्षी दोघे आले होते. त्याआधी चौघे."

"मुलं?"

"बाप. एकदा एक आई होती. मुलं तेवढीच, म्हणा."

"सगळे शिक्षकच?"

"मग काय, डॉक्टर येणार? डॉक्टरांच्या पोरांना असल्या इच्छा होत नाहीत." त्यांनी कीबोर्डवर साचलेली धूळ फुंकली. "सगळ्यात आधी मीच आले होते. माझा मुलगा, गणित. तेव्हा खुर्ची एकच होती."

"काय करतो आता?"

"हिशेबतपासनीस आहे. चांगलं चाललंय. ईदला फोन करतो."

मास्तरांनी पाकिटातून चिठ्ठी काढली. आसनक्रमांक त्यांना तोंडपाठ होता. गुप्त क्रमांक त्यांनी एकेक आकडा बोटाखाली धरून दाबला. पडद्यावर मुलीच्या इच्छा उघडल्या. दोन ते पंच्याहत्तर त्या दोघांनी मिळून भरल्या होत्या तशाच होत्या, फक्त सगळ्या एकेक पायरी खाली सरकलेल्या. पहिली तेवढी तिची होती.

त्यांनी औषधनिर्माण वर घेतलं. शिक्षणशास्त्र दुसरं ठेवायचा विचार त्यांच्या मनात आला. मग वाटलं, दुसरं ठेवलं काय आणि पंच्याहत्तरावं ठेवलं काय, तिच्या गुणांना पहिलंच मिळणार. तरी त्यांनी ते दुसरं ठेवलं. पडद्यावर प्रश्न आला: 'आपल्या इच्छेत बदल करण्याची आपली इच्छा आहे का?'

मॅडम सुहेर चष्मा पुसायला खिडकीपाशी गेल्या होत्या. तो बराच वेळ पुसत होत्या.

मास्तरांनी 'होय' दाबलं.

*

सहा दिवसांनी निकालाचा संदेश आला. युमनाने तो वाचला तेव्हा मास्तर समोरच कलिंगड कापत होते. तिने फोन टेबलावर पालथा ठेवला. आईने विचारलं, "काय लागलं गं?" ती म्हणाली, "औषधनिर्माण." ईनासने इथल्या बायका शुभप्रसंगी देतात तशी आनंदाची किलकारी द्यायला तोंडाशी हात नेला, पण आवाज काढला नाही. युमनाने कलिंगडाची एक फोड घेतली, बिया नीट ताटलीच्या कडेला काढून ठेवल्या, आणि ताटली धुऊन जागेवर ठेवली. गुप्त क्रमांकाची चिठ्ठी कोणाच्या पाकिटात असते हे त्या घरात तिघांनाही ठाऊक होतं.

समितीची शेवटची बैठक दुसऱ्या दिवशी झाली. टीव्हीवाल्यांना 'येऊ नका' कळवलं होतं. घड्याळ शौकी बेंच्या कपाटात गेलं, पुढच्या वर्षासाठी.

"शून्य," शौकी बे म्हणाले. "आता शून्याचा सत्कार कसा करायचा, उस्ताद?"

मास्तर कागदाच्या कडा जुळवत होते.

शौकी बे खात्यात चाळीस वर्षं काढलेला माणूस. त्यांना काही समजलं नाही असं समजणं वेडेपणाचं होतं. ते पंख्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "एक कारण वाढवा. बारावं. पालकांचा विरोध. तुम्हीच लिहा, तुमचं अक्षर चांगलं आहे. आणि उपायांच्या बाजूला ते जनजागृतीचं असू द्या."

मास्तरांनी लिहिलं.

रात्रीच्या जेवणाआधी ते कागद घेऊन घरी आले. युमनाने लॅपटॉप उघडला, कागद शेजारी उभा केला आणि नेहमीसारखी न थांबता टाइप करत गेली. मास्तर दाराच्या चौकटीत उभे होते. ईनास चुलीपाशी होती. तिची पाठ दिसत होती. अकराव्यानंतर बोटं थांबली.

"हे बारावं लागत नाहीये," युमना म्हणाली.

त्यांच्या अक्षराबद्दल असं कोणी म्हणण्याची ही पहिलीच वेळ होती. ते जवळ जाऊन वाकले. शब्दाच्या शेपटाशी शाई पसरली होती, प्रत्यय दिसत नव्हता. अरबीत वचनं तीन असतात: एकाचं एक, दोघांचं वेगळं, आणि तिघांपासून पुढे सगळ्यांचं मिळून एक. लहान पोरंही त्यात चुकत नाहीत.

"'विरोध' कळतंय," ती म्हणाली. तिची नजर पडद्यावरच होती. "कोणाचा ते कळत नाही. पालक एकवचनी ठेवायचाय, द्विवचनी, की अनेकवचनी?"

चुलीपाशी डाव पातेल्यात फिरायचा थांबला.

मास्तरांनी शर्टाच्या खिशातून पेन काढलं, कागदावर टेकवलं, आणि उचललं.

"सरकारी कागदात अनेकवचनच असतं," ते म्हणाले.

तिने तसं टाइप केलं, शब्दावरून एकदा नजर फिरवली, आणि प्रिंटरमध्ये कोरे कागद घातले.

"किती प्रती हव्यात तुम्हाला?"